पडद्यावर रेघा उमटल्या तर?

मैत्रिणींनो, मिक्सर सुरू होईना तर आपण आधी काय पाहतो? भांडं नीट बसलंय का, खालचं लाल बटण दाबून काही होतंय का, दुसऱ्या प्लगवर चालतोय का. एवढं सगळं झाल्यावरच तो पिशवीत घालून दुकानात नेतो. लॅपटॉपच्या वेळी मात्र हा शहाणपणा कुठे जातो कोण जाणे! पडद्यावर चार रेघा दिसल्या की आपण थेट दुकान गाठतो. तिथला मुलगा मान वर न करताच म्हणतो, "काकू, ग्राफिक्स कार्ड गेलंय, मदरबोर्डच बदलावा लागेल." मदरबोर्ड म्हणजे जवळजवळ अर्ध्या लॅपटॉपची किंमत. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी काय पाहायचं, ते आज सांगते.

आधी 'कार्ड' या शब्दाविषयी. टेबलावरच्या मोठ्या संगणकात ते खरोखर कार्ड असतं, खाचेतून काढून दुसरं बसवता येतं. लॅपटॉपमध्ये बहुधा तसं काही नसतं. चित्र तयार करणारी चिप मदरबोर्डालाच डाखलेली असते. म्हणून "कार्ड बदलून देतो" असं कुणी म्हणालं, तर नेमकं काय बदलणार ते विचारा. आणखी एक गोष्ट, पुष्कळ लॅपटॉपमध्ये चित्राची सोय दोन ठिकाणी असते: एक मुख्य प्रोसेसरच्या पोटात आणि दुसरी वेगळी चिप, खेळांसाठी किंवा जड कामासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता बिघाड कुठे आहे ते शोधू. घरात टीव्ही आहेच. एचडीएमआयची वायर घ्या आणि लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवरही त्याच रेघा, तेच रंगीत चौकोन दिसले, तर चित्र बनवणारी बाजू संशयित. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीत. झाकण हळूहळू मागेपुढे करून पाहा. कोन बदलला की रेघा बदलतात किंवा जातात? मग वायरच. ती बिजागरीतून जाते आणि रोजच्या उघडझाकीनं झिजते.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या बाबतीत अगदी हेच झालं. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस उरलेले आणि एका दुकानदारानं मदरबोर्डाचा आकडा सांगितलेला. वहिनी बांगडी मोडायच्या गोष्टी करू लागल्या. आम्ही दोघींनी टीव्ही जोडला, तर चित्र आरशासारखं! झाकण हलवलं, तर रेघा नाचायला लागल्या. दुसऱ्या दुकानात वायर बदलून मिळाली, तीही घरखर्चातून निघेल एवढ्या पैशांत. प्रोजेक्ट वेळेवर गेला.

टीव्हीची वायर नसेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. रेघा दिसत असताना 'प्रिंट स्क्रीन' करून पडद्याचं चित्र घ्या आणि ते मोबाइलवर उघडा. त्या चित्रातही रेघा आल्या असतील, तर बिचाऱ्या पडद्याचा काही दोष नाही.

पडदा नि वायर ठीक असतील, तर मग ड्रायव्हर पाहायचा. ड्रायव्हर म्हणजे चिपला कामाला लावणारा प्रोग्राम. तो बिघडला की चिप धडधाकट असूनही चित्र गोठतं, सगळं मोठं मोठं दिसतं किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, कधी तेवढ्यानंच काम होतं. बिघाड विंडोजच्या अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर परत आणता येतो, त्याला 'रोल बॅक' म्हणतात. पण विंडोज सुरू होण्याआधीच, कंपनीचं नाव दिसतं त्या वेळीही रेघा असतील, तर ड्रायव्हरला बोल लावू नका. तो तोवर जागाच झालेला नसतो.

त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' खाली दोन नावं दिसतात का पाहा. एक बहुधा इंटेलचं नि दुसरं एन्व्हिडियाचं असेल, तर नशीब समजा. एन्व्हिडियाच्या नावापुढे पिवळं चिन्ह आणि आत 'कोड ४३' दिसला, तर त्या चिपनं तक्रार केली म्हणून विंडोजनं तिला थांबवलेलं असतं. अशा वेळी ती वेगळी चिप 'डिसेबल' करून टाकली, तर प्रोसेसरच्या पोटातल्या सोयीवर लॅपटॉप बहुतेक वेळा चालतो. मुलांचे मोठे खेळ बंद पडतील (पडू देत!), पण अभ्यास, बँकेची कामं, शाळेचे पेपर काढणं सगळं होतं. नाव एकच असेल, तर मात्र त्याला हात लावू नका.

पडदा नुसताच काळा आणि पंखा फिरतोय? लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग परत लावून पाहा. तरीही नाही आला, तर दुकानदाराला रॅम काढून, पुसून बसवायला सांगा. कित्येकदा दोष रॅमचा असतो आणि नाव ग्राफिक्सचं खराब होतं. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर तो मोजा आणि लिहून ठेवा. काही कंपन्यांत ती बिघाडाची खूण असते.

आता चिप खरोखरच गेली असेल तर? चिपचे सांधे अतिशय बारीक डाखांचे असतात. वापरताना तापायचं, बंद केलं की निवायचं, असं हजारो वेळा झालं की डाखाला तडे जातात. जुन्या पितळी भांड्याचा कान सुटतो ना, तसंच. २००८ साली एन्व्हिडियानं तिच्या काही लॅपटॉप-चिप्स अशाच निकामी होत असल्याचं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. ॲपलनंही फेब्रुवारी २०१५ मध्ये २०११च्या काही मॅकबुक प्रोंची चित्राच्या बिघाडासाठी फुकट दुरुस्ती सुरू केली. तेव्हा प्रत्येक वेळी दोष वापरणाऱ्याचाच असतो असं नाही.

अशा चिपला गरम हवा देऊन, नाहीतर 'रीबॉल' करून चालू करून देणारे भेटतात. रीबॉल म्हणजे चिप काढून खालचा डाख नवा भरणं. पण तडा चिपच्या आत असेल तर बाहेरचा डाख बदलून काय होणार? उष्णतेनं काही दिवस सांधा जुळतो आणि पुन्हा सुटतो. मी तरी यावर पैसे घालणार नाही. मदरबोर्ड अवनमध्ये भाजण्याचे व्हिडिओही फिरतात. ज्या अवनमध्ये आपण केक करतो, त्यात हे विषारी धुराचं प्रकरण मुळीच नको.

बरं, तापणं आपण कमी करू शकतो. लॅपटॉप गादीवर, दुलईवर ठेवायचा नाही, हवेची भोकं बुजतात. भोकांतली धूळ महिन्या-दोन महिन्यांनी झटकावी: लॅपटॉप बंद करून, पंख्यात बारीक काडी अडकवून आणि ब्लोअरचा थोडा थोडा झोत देऊन. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या स्थिर विजेनं नाजूक भाग दुखावतात. लॅपटॉप तीन-चार वर्षांचा झाला की चिपवरचा थर्मल पेस्टचा लेपही दुकानातून बदलून घ्यावा.

दुरुस्तीला देताना दोन गोष्टी विसरू नका. पहिली, खर्चाचा अंदाज, वॉरंटी किती महिन्यांची आणि बोर्ड नवा की जुना, हे सगळं कागदावर घ्या आणि काढलेला भाग परत मागा. दुसरी त्याहून महत्त्वाची. नव्या विंडोजमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप बहुधा आपोआप लागलेलं असतं. मदरबोर्ड बदलला की ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं आणि ती नसेल तर मुलांचे फोटो, शाळेची कागदपत्रं आतच अडकतात. किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. टीव्ही जोडून काम चालतंय तोवर तिथे जाऊन ती पाहा, वहीत उतरवा आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. मगच लॅपटॉप पिशवीत घाला.