काचेतल्या समुद्रातली हरळी

  दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत खडकाबरोबर, म्हणजे समुद्री जीव वसलेल्या खडकाबरोबर, कोण आत शिरेल, याचा नेम नसतो. एप्टेशिया हे असंच बिनबोलावलेलं समुद्रफूल. तपकिरी, अर्धपारदर्शक, खडकाच्या फटीत रुतलेलं. चिमटा जवळ नेला की क्षणात आत गडप. दिसायला गोजिरं, पण त्याच्या दंशपेशी शेजारच्या प्रवाळाला भाजून काढतात. उपटायला जावं, तर शेतातल्या हरळीसारखी गत: तळाचा इवलासा तुकडा खडकाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवं समुद्रफूल उगवतं. म्हणून जाणकार खुरपं नव्हे, सिरिंज हाती घेतात. पंप बंद करायचा, विरवलेल्या शुद्ध चुन्याची दाट पेस्ट भरायची आणि थेट त्याच्या तोंडावर सोडायची. तीही बेतानेच, एका दमात फार चुना गेला तर पाण्याचा सामू चढतो आणि मासेच दगावतात. पेपरमिंट कोळंबीही एप्टेशिया खाते, पण तिची मर्जी असेल तेव्हा. बोटाच्या पेराएवढी बर्गिया ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय मात्र दुसरं काही खातच नाही. टाकीतला एप्टेशिया संपला की तिची उपासमार सुरू होते. मग छंदिष्ट मंडळी तिची रवानगी दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीत करतात.