घरचा जमाखर्च : कॅचरचें चिलखत

आपल्या घरांत मुलांसाठीं कोणतीही वस्तु घ्यावयाची म्हणजे ती ‘वाढत्या अंगाची’ घ्यावयाची, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सदरा चार बोटें लांब, चड्डी दोन बोटें सैल, बुटांत कापसाचा बोळा; आणि थोरल्याचें तें धाकट्यास, धाकट्याचें तें चुलतभावास. एकत्र कुटुंबाचा संसार या काटकसरीवरच उभा असतो, आणि आम्ही तिची थट्टा करूं इच्छीत नाहीं. परंतु एक खरेदी अशी आहे कीं, जींत हा नियम पाळल्यास पैसा तर जातोच, शिवाय मुलाचा दांत किंवा डोळाही जाण्याचा संभव असतो. ती खरेदी म्हणजे बेसबॉल अथवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या कॅचरच्या साहित्याची.

वर्धा जिल्ह्यांतील वाचकांपुढें हा विषय काढण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन हें कीं, हे दोन्ही खेळ आतां महाराष्ट्राच्या शालेय क्रीडास्पर्धांत आहेत. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनीं त्यांचे सामने होतात, आणि मुलांप्रमाणें मुलींचेही संघ असतात. विदर्भांतील शाळा उन्हामुळें उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. मग संघांची निवड होते, आणि हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगांव येथील एखाद्या घरीं पुतण्या अथवा मुलगी सायंकाळीं येऊन सांगते कीं, आपणांस कॅचर केलें आहे. वडील मंडळींस क्रिकेट ठाऊक असतें. कॅचर म्हणजे यष्टिरक्षकच, असें समजून काका माळ्यावरचे जुने हातमोजे काढून देतात, आणि खरेदीचा प्रश्न सुटला असें सर्वांस वाटतें.

तो सुटलेला नसतो. दोघांचें काम वरवर सारखें दिसलें, तरी धोका सारखा नाहीं. जलद गोलंदाजीस यष्टिरक्षक पुष्कळ मागें उभा राहतो. कॅचर मात्र प्रत्येक चेंडूस बॅटीच्या लगत मागें उकिडवा बसतो. प्रौढांच्या बेसबॉलमध्यें चेंडू ६० फूट ६ इंचांवरून टप्पा न पडतां येतो. त्याचें वजन ५ ते सव्वापांच औंस, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम असतें; क्रिकेटच्या चेंडूहून तो किंचित हलका, पण घेरानें किंचित मोठा. असा चेंडू फिरत्या बॅटीस निसटता लागून वळला, तर पापणी लवण्याच्या आंत तो कॅचरच्या तोंडावर असतो. येथें चपळाई कामास येत नाहीं, कवचच येतें. खुद्द क्रिकेटमध्येंही यष्टिरक्षकाचें तोंड उघडें राहिल्यानें काय होतें, हें आपण पाहिलें आहे. २००० सालीं ढाक्यास आशिया चषकाच्या सामन्यांत अनिल कुंबळे यांचा चेंडू सबा करीम यांच्या डोळ्यास लागला. २०१२ सालीं इंग्लंडांत टाँटन येथें उडालेली गिली मार्क बाउचर यांच्या डोळ्यांत गेली आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय खेळ तेथेंच संपला. दोघेही मुरलेले खेळाडू होते. शिकाऊ मुलाची कथा काय!

कॅचरचें चिलखत एकाच दिवशीं तयार झालें नाहीं. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या फ्रेडरिक थेयर यांनीं तलवारबाजांचा जाळीदार मुखवटा पाहून १८७७ सालीं कॅचरसाठीं मुखकवच करविलें, व पुढील वर्षीं त्याचें पेटंट घेतलें. १९०७ सालीं न्यूयॉर्कच्या रॉजर ब्रेस्नहन यांनीं क्रिकेटच्या पॅडांसारखीं नडगीचीं कवचें उघडपणें बांधलीं, तेव्हां प्रेक्षकांनीं हुर्यो केली. १९७६ सालीं लॉस एंजलिसच्या स्टीव्ह येगर यांच्या गळ्यांत मोडलेल्या बॅटीची ढलपी घुसली. त्यानंतर मुखकवचाखालीं लोंबणारी गळ्याची ढाल आली. प्रत्येक तुकड्यामागें कोणाची तरी दुखापत किंवा तिचें भय आहे. म्हणून ‘एवढें सगळें कशाला?’ असें घरांत कोणी विचारल्यास त्यास हा इतिहास सांगावा.

आतां पैशाकडे वळूं. आणे १९५७ सालच्या दशमान पद्धतीनें चलनांतून गेले, पण हिशेबाच्या बोलींत ते अजून आहेत. जी रक्कम घरानें या कामीं ठरविली असेल तिचे सोळा आणे मानावे. आमच्या मतें त्यांपैकीं सहा आणे मुखकवच, शिरस्त्राण व गळ्याची ढाल यांस. चार आणे छातीच्या कवचास. तीन आणे मिटास, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोजास. दोन आणे नडगीच्या कवचांस. आणि एक आणा, क्रिकेटवाले ज्यास ‘गार्ड’ म्हणतात, त्या लंगोटांतील कवचास द्यावा. बहुतेक घरांत वांटणी नेमकी उलटी होते. कारण मुलाचा जीव मिटावर जडलेला असतो आणि गार्डाचें नांव चारचौघांत काढण्याची लाज वाटते. मिट आणि नडगीचीं कवचें चांगलीं निघाल्यास वापरलेलीं चालतात, म्हणून आम्हीं त्यांस कमी आणे दिले आहेत. डोक्याचें कवच मात्र नवें घ्यावें, आणि गार्ड तर प्रत्येकाचा स्वतःचा, नवाच असावा. तो क्रिकेटच्या कोणत्याही दुकानीं अल्प किंमतींत मिळतो. मुलींसाठींही निराळ्या घडणीचा असतो.

दुकानीं जाण्यापूर्वीं घरीं तीन मापें घ्यावीं : भुवयांच्या वर एक बोट अंतरावर डोक्याचा घेर, गळ्याच्या खळगीपासून बेंबीपर्यंतची लांबी, आणि गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून घोट्यापर्यंतची लांबी. वर्धा जिल्ह्यांत हें साहित्य क्रिकेटच्या साहित्याइतकें सहज मिळत नाहीं. पुष्कळदां नागपूरहून आणावें लागतें, किंवा मेरठ-जालंदरहून मागवावें लागतें. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर त्या दोन शहरीं येऊन वसल्यामुळें क्रीडासाहित्याचा धंदा तेथें फोफावला. दूरच्या दुकानास ‘बारा वर्षांचा मुलगा’ एवढेंच कळविणें निरुपयोगी आहे. बारा वर्षांचीं दोन मुलें एका उंचीचीं नसतात. तिन्ही मापें इंचांत कळवावीं आणि बदलून देण्याची अट आधींच विचारून घ्यावी.

मुखकवचाचे दोन प्रकार आहेत : जाळी व टोपी निराळ्या असलेला, आणि दोन्ही एकत्र असलेला. पहिल्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो, हा काटकसरीच्या दृष्टीनें त्याचा गुण. दुसऱ्यांत डोक्याच्या बाजू अधिक झांकल्या जातात, हा त्याचा गुण. कोणताही घ्या, पण तो घालून मुलानें मान जोरानें हलविली असतां जागचा सरकतां कामा नये. हनुवटी गादीवर टेकावी, आणि गज डोळ्यांसमोर आडवे येऊं नयेत. शिरस्त्राणावर ‘नॉकसी’ या अमेरिकन मानकसंस्थेची खूण असल्यास उत्तम. क्रिकेटचें शिरस्त्राण त्याऐवजीं देऊं नये. तें उभ्या फलंदाजासाठीं घडविलेलें असतें, आणि उकिडव्या बसलेल्या मुलाचा गळा त्यांत उघडा राहतो.

छातीचें कवच मुलास उकिडवें बसवूनच पाहावें. दोन्ही गळपट्टीचीं हाडें झांकलीं जावीं, गळ्यापाशीं फट राहूं नये, आणि बसतांना तें वर सरकून हनुवटीस टोचूं नये. वाढत्या अंगाचें कवच नेमकें येथेंच दगा देतें. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, हृदयाच्या जागीं, ठोक्यांमधील एका अत्यल्प क्षणीं चेंडू आदळला, तर बरगडी न मोडतांही हृदयाची गति थांबूं शकते. असा प्रसंग विरळा. पण तो विशेषतः कोवळ्या वयांत येतो. सामान्य गादीनें त्याचें निवारण होतेंच असें नाहीं, म्हणून अमेरिकेंत २०२० पासून माध्यमिक शाळांच्या बेसबॉलमध्यें कॅचरच्या छातीच्या कवचास यासाठीं ठरविलेली निराळी कसोटी बंधनकारक झाली. तें कवच परवडत असेल तर घ्यावें. कोणतेंही कवच पूर्ण हमी देत नाहीं. छातीवर मार बसून मूल कोसळलें, तर क्षण न दवडतां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करावा, हें मैदानावरील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक असलेंच पाहिजे.

मिटाविषयीं दोन गोष्टी. चेंडू उजव्या हातानें फेंकणाऱ्यास मिट डाव्या हाताचें लागतें. दुकानांतील खुणेवर पुष्कळदां फेंकण्याचा हात लिहिलेला असतो. ती वाचण्यांत गफलत होऊन भलत्याच हाताचें मिट घरीं येतें. दुसरी गोष्ट, मुलास तें स्वतःच्या बळानें मिटतां आलें पाहिजे. प्रौढांचें ताठ मिट शिकाऊ हातांत पाटासारखें राहतें आणि चेंडू उसळून जातो. सॉफ्टबॉलचा चेंडू घेरानें बारा इंच, म्हणजे बेसबॉलहून बराच मोठा. त्याचें मिटही त्या मानानें मोठें असतें, हें सांगूनच मागणी करावी. चामड्याचें मिट घरांत आणण्यास कोणा वृद्धांचा संकोच असल्यास कृत्रिम चामड्याचें स्वस्त मिट मिळतें. मात्र तें लवकर झिजतें. तथापि याच वर्ध्याजवळ नालवाडीस गांधीयुगांत मेलेल्या जनावरांच्या कातड्याचें चर्मालय चाललें होतें, याची आठवण वृद्धांस अवश्य द्यावी. यष्टिरक्षकाचे हातमोजे येथें चालत नाहींत. ते दोन्ही हातांत असतात. कॅचरला एक हात फेंकण्यासाठीं मोकळा लागतो. तो मोकळा हात अंगठा मुठींत घेऊन पाठीमागें ठेवण्याची संवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. तीस पै पडत नाहीं, आणि ती बोटें वांचविते.

नडगीचीं कवचें गुडघा, नडगी व पायाचा चवडा झांकणारीं असावीं, आणि बांधतांना त्यांचे आंकडे बाहेरच्या बाजूस यावे; आंत आल्यास ते एकमेकांत अडकून धांवतें मूल पडतें. वापरलेला कोणताही जिन्नस घेतांना त्याची चीर, ताणलेला पट्टा व कडक झालेली गादी पाहावी. जुन्या मुखकवचाच्या जाळीचा सांधा हलत असेल किंवा टोपीस तडा असेल, तर तें फुकटही घेऊं नये. ‘वाढीचें काय?’ या आजीच्या प्रश्नास उत्तर असें : माप आजचें घ्यावें, आणि वाढीची सोय पट्ट्यांत पाहावी. पट्टा आंखूड करून आज नीट बसणारें कवच तो सैल करून पुढेंही कांहीं काळ चालतें. आज अंगावर हलणारें कवच मात्र आजच निरुपयोगी असतें.

एवढेंही झेपत नसेल तर? संघांत एका वेळीं कॅचर एकच असतो. तेव्हां छातीचीं व नडगीचीं कवचें तीन-चार घरांनीं भागींत, लहान व मोठ्या अशा दोन मापांचीं, घेऊन शाळेंत ठेवावीं. शाळेचा संच असल्यास तो आपल्या मुलाच्या मापाचा आहे कीं नाहीं हें पालकांनीं स्वतः जाऊन पाहावें. आणि मुखकवच मिळेपर्यंत मुलानें फिरत्या बॅटीमागें बसूं नये. हा नियम सामन्यास लागू, सरावास लागू, अंगणांतल्या खेळासही लागू. तोंवर त्याचा वेळ फुकट जात नाहीं. बॅटवाला न ठेवतां, मऊ चेंडूवर बसणें, झेलणें, उठून फेंकणें आणि जमिनीवरचा चेंडू अंगानें अडविणें यांचा सराव महिनोन्‌महिने करतां येतो. मूल रुसेल, त्याचा रुसवा घरानें सोसावा. त्याचबरोबर, सर्व चिलखत चढवून मूल अंगणांत उभें राहिलें असतां त्यास कोणी हंसूं नये. चुलतभावंडांच्या एका हंशापायीं गळ्याची ढाल काढून ठेवणारीं मुलें थोडीं नसतात.

शेवटीं निगेविषयीं. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत साहित्य पत्र्याखालीं किंवा बंद मोटारींत ठेवल्यास गादी व लवचिक पट्टे सुकून जातात. पावसाळ्यांत घामट मिट पिशवींत राहिल्यास त्यावर बुरशी चढते. खेळून आल्यावर सर्व जिन्नस पुसून सावलींत, वाऱ्यावर वाळवावे. मिटास अधूनमधून तेलाचा हलका हात द्यावा, पण तें पाण्यांत भिजवूं नये किंवा विस्तवाजवळ धरूं नये. खंडेनवमीस आपण घरांतील हत्यारें पुसून पूजेस मांडतों. त्या दिवशीं हें चिलखतही पाटावर घ्यावें, आणि हळदकुंकू वाहण्यापूर्वीं घरांतील एका जाणत्या माणसानें प्रत्येक पट्टा ओढून, प्रत्येक सांधा दाबून पाहावा. जो जिन्नस निकामी ठरेल तो धाकट्यासाठीं माळ्यावर न टाकतां त्याच दिवशीं मोडींत काढावा.