वाळूवरील चाकांची मर्यादा

देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता ‘एसयूव्ही’ या वर्गात मोडतात. जाहिरातींत या गाड्या वाहतूककोंडीत क्वचितच दिसतात. त्या लाटांच्या कडेने पाणी उडवत धावतात आणि सायंकाळी त्यांच्या शेजारी तंबू उभा राहतो. एखाद्या कुटुंबाने खरोखरच तसे करायचे ठरवले, तर परवानगी कोणाकडे मागायची, कोणत्या महिन्यात जायचे आणि गाडी रुतली तर कोणाला बोलवायचे, या प्रश्नांना नऊ किनारी राज्यांत एकसारखे उत्तर नाही. हौस देशव्यापी झाली. नियम मात्र स्थानिक, तुटक आणि बहुधा घटना घडून गेल्यावर आठवणारे राहिले.

जून २०२४ मध्ये कच्छमधील मुंद्र्याच्या किनाऱ्यावर चित्रफीत काढण्याच्या नादात दोन गाड्या समुद्राच्या पाण्यात अडकल्या आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. त्या गाड्या खडतर वाटांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या होत्या. मग सामान्य कुटुंबाच्या ‘क्रॉसओव्हर’ची काय कथा? दिसायला उंच आणि रुबाबदार असली, तरी ही गाडी मुळात मोटारकारच्याच सांगाड्यावर उभी असते आणि बहुतेक वेळा इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत ती चाके जागच्या जागी फिरतात आणि खड्डा खणत जातात. टायरमधील हवा बरीच कमी केली, तर टायर पसरून वाळूवर तरंगतो. पण परत डांबरी रस्त्यावर येताना ती भरायला पंप हवा, हे किती जणांना ठाऊक असते? ओल्या वाळूचा पट्टा कडक असतो खरा. तथापि भरती येते ती त्याच पट्ट्यावर.

शासनाची व्याख्याही या गैरसमजाला खतपाणी घालते. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने २२ टक्के उपकरासाठी मोठ्या ‘युटिलिटी’ वाहनाचे निकष स्पष्ट केले: लांबी ४ मीटरहून अधिक, इंजिन १५०० सीसीहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर, तीही रिकाम्या गाडीची. करवसुलीपुरती ही मोजणी ठीक होती. परंतु किनाऱ्यावर जाणारी गाडी रिकामी नसते; पाच माणसे, तंबू, शिधा आणि पाण्याचे डबे घेऊन ती खाली बसलेली असते. चारही चाकांना ताकद मिळते की नाही, हे तर त्या निकषांत विचारलेलेही नव्हते.

कायदा अगदीच मुका आहे, असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘सार्वजनिक स्थळा’ची व्याख्या रस्त्यापुरती मर्यादित नाही; जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा तीत येते. म्हणजे वाळूवर बेदरकारपणे गाडी हाकणारा कायद्याबाहेर नसतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात ठेवल्या आहेत. गोव्याने किनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई करून दंडाची तरतूद केली आहे. दुसऱ्या टोकाला केरळमधील कण्णूर जिल्ह्यातला मुळप्पिलंगाड आहे. तिथे सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या घट्ट वाळूवरून गाडी चालवता येते, आणि समुद्रातले काळे खडक लाटांचा जोर बराचसा अडवतात. तिथे साध्या मोटारीही बिनधोक धावतात, ही त्या किनाऱ्याच्या भूरचनेची देणगी आहे. ती प्रत्येक किनाऱ्याला मिळालेली नाही, हे पर्यटक विसरतात आणि प्रशासन सांगत नाही.

सर्वत्र बंदी घालावी, असा एक सरळ उपाय सुचवला जातो. त्यामागची काळजी मला मान्य आहे. ऑलिव्ह रिडले कासवीण वाळूत सुमारे शंभर अंडी घालते आणि ती उबायला साधारण दीड-दोन महिने लागतात. वेळासपासून ऋषिकुल्येपर्यंत हा हंगाम हिवाळा आणि वसंताच्या आसपासचा, म्हणजे नेमका सहलींचाही. चाकाखाली अंडी चिरडतात. वाचलेली पिल्ले चाकोरीत अडकतात आणि समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. वाळू धरून ठेवणाऱ्या एका वेलीला मराठीत मर्यादवेल म्हणतात, हे मला एका कोकणी स्नेह्याने सांगितले. समुद्राची मर्यादा राखणाऱ्या त्या वेलीवरून एकदा चाक गेले, की मागे उरते ती वाऱ्यावर उडणारी सुटी वाळू. शिवाय किनारा हे कोणाचे तरी कामाचे ठिकाणही आहे. तिथे जाळी ओढली जातात, होड्या चढवल्या जातात, मासळी वाळत घातली जाते.

तरीही सरसकट बंदी पाळली जाणार नाही, असे माझे मत आहे. पहाऱ्याला माणसे नाहीत, आणि जिथे पहारा नाही तिथे बंदी म्हणजे निर्जन, म्हणूनच अधिक धोकादायक किनाऱ्याकडे जाण्याचे आमंत्रण. ऑस्ट्रेलियातील क्गारी बेटावर किनारा हाच रस्ता मानला जातो. त्यासाठी परवाना लागतो, वेगमर्यादा असते आणि ओहोटीच्या आसपासच गाडी काढण्याची सूचना असते. अमेरिकेतील केप हॅटरास येथे परवान्याबरोबरच कासवांच्या हंगामात रात्री वाहनांना मज्जाव आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र आणि केरळ यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली. त्याच धर्तीवर प्रत्येक किनारी राज्याने मोजके, तपासलेले पट्टे जाहीर करावेत आणि उर्वरित किनारा वाहनांसाठी बंद ठेवावा. परवाना दिवसाचा असावा. त्यावर त्या तारखेच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या असाव्यात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्रस्थितीचा अंदाज रोज देतेच. उंच लाटांचा इशारा असेल त्या दिवशी परवाने आपोआप स्थगित व्हावेत. तंबूंची जागा भरतीरेषेपासून आणि विणीच्या जागांपासून दूर आखलेली असावी. शुल्काचा ठरावीक हिस्सा ग्रामपंचायतीकडे आणि मच्छीमार सहकारी संस्थेकडे जावा, कारण रुतलेली गाडी बाहेर काढायला आजही तेच धावतात.

आणि उत्पादकांनी? ज्या गाडीच्या पुस्तिकेत वाळू आणि खाऱ्या पाण्यापासून सावध राहण्यास सांगितले जाते, तीच गाडी जाहिरातीत लाटांमध्ये उतरत असेल, तर त्या दृश्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक का नसावे? इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही, हेही ग्राहकाला खरेदीच्या वेळीच सांगितले पाहिजे. समुद्रकिनारा सर्वांचा आहे, म्हणून त्यावर जाण्याचा हक्कही सर्वांचा आहे. मात्र त्या ‘सर्वां’त वाळूवर जाळे ओढणारा आहे आणि वाळूखाली वाढणारे पिल्लूही आहे. नियम लिहिताना त्यांची गणती आधी व्हावी.