व्याजदर उतरले, पण रोखीने प्लॉट घेणाऱ्याचं काय?

रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये चार वेळा रेपो दर कमी केला. वर्षाच्या सुरुवातीला 6.50 टक्के असलेला दर डिसेंबरात 5.25 टक्क्यांवर आला. त्यामुळे "आता घ्याच, पुढे भाव वाढणार" हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण तो आपल्या घरांना जसाच्या तसा लागू होतो का?

20 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी घेतलं आणि व्याज 9 वरून 7.75 टक्के झालं, तर महिन्याचा हप्ता सुमारे दीड हजारांनी कमी होतो. हा फायदा कर्जदाराचा. आपल्यातली बरीच कुटुंबं सूद टाळतात. दुकानातली बचत, भिशीचे पैसे, प्रसंगी दागिने मोडून जागा घेतात. स्वस्त कर्जाचा त्यांना एक रुपयाही मिळत नाही. उलट कर्जावर घेणारा जास्त भाव देऊ शकतो, म्हणून विकणाराही भाव धरून बसतो.

दुसरी गोष्ट गोंदियाची. इथला बाजार धानावर चालतो. केंद्राने जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू केली. अशा निर्णयाची झळ राईस मिलला बसली, की ती हमाल, ट्रकवाले, किराणा आणि कापड दुकानापर्यंत येते. त्याच काळात प्लॉटचं गिऱ्हाईकही कमी होतं. म्हणजे ज्या वर्षी आपली कमाई घटते, त्याच वर्षी प्लॉट विकणं सर्वात अवघड होतं. खरा धोका हाच आहे. मुलीची कॉलेजची फी, लग्न किंवा हजचे पैसे तीन-चार वर्षांत लागणार असतील, तर ते जमिनीत अडकवू नयेत.

तिसरं, महामार्गाची चर्चा. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये मुंबईच्या बाजूने पूर्ण झाला. तो नागपूरच्या पुढे गोंदियाकडे वाढवायची योजना आहे. पण रस्ता जवळून गेला, म्हणून प्रत्येक शेताचा प्लॉट होत नाही. तिथे रस्ता, वीज, पाणी आणि वस्ती यायला वर्षं लागतात.

रोखीने घेणाऱ्याची एक ताकद मात्र मोठी आहे. त्याला घाई नसते. ती ताकद कागद तपासण्यात वापरा. सातबारा आणि फेरफार पहा, एनए आणि मंजूर लेआउट मागा. लेआउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही, विक्रेता ओळखीचा, आपल्याच मोहल्ल्यातला असला तरी.

आणि एक हिशेब बहुतेक जण विसरतात. राहण्यासाठी घेतलेल्या जागेवर जकात नाही. पण नफ्यावर विकायच्या इराद्याने घेतलेला प्लॉट बहुसंख्य उलमांच्या मते व्यापाराचा माल ठरतो. त्याच्या दर वर्षीच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात येते. 10 लाखांच्या प्लॉटवर ती 25 हजार होते, भाडं एक पैसा नसताना. आपल्या बाबतीत काय लागू होतं, ते जवळच्या मुफ्तींना विचारून घ्या.

राहायला घर हवं असेल आणि पैसे हातात असतील, तर रेपो दराची वाट पाहू नका. फक्त भाव वाढेल म्हणून घेत असाल, तर आधी विचारा: धानाचं एक वर्ष वाईट गेलं, तर या प्लॉटला हात न लावता घर चालेल का?