ईदच्या दोन रात्री

ईदची सुट्टी संपून शाळा भरली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी भेटायला आली. आमच्या धायरीतच राहते, चार घरची धुणीभांडी करते. हातात पासबुक होतं. म्हणाली, "टीचर, हिचे अब्बू दोन रात्री घरी राहिले तर माझा पगार बंद होतो का हो?"

पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये. नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला, खर्चाला पैसा देत नाही. दोन वर्षं खर्च न देणाऱ्या नवऱ्यापासून सुटका मागण्याचा हक्क मुसलमान बाईला 1939 च्या कायद्याने दिला आहे. त्याप्रमाणे तिचा दावा कोर्टात चालू आहे, आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेतली महिला म्हणून तिला हे अनुदान मिळतं. ईदला तो मुलीला भेटायला येतो. यंदा शेजारीण म्हणाली, "तलाठ्याच्या कानावर गेलं तर नाव कटेल." मग हिने त्याला रात्री मित्राकडे झोपायला पाठवलं. लेक दोन दिवस अम्मीशी बोलली नाही.

बहिणींनो, योजनेच्या अटींमध्ये रात्री मोजलेल्या नाहीत. बाई कोणत्या गटात बसते, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहते का, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत आहे का, हे पाहिलं जातं. तेव्हा खरा प्रश्न असा की घर कोणाच्या कमाईवर चालतं? पाहुण्यासारखा येऊन गेलेला बाप घर चालवत नाही. पण तोच माणूस परत नांदायला आला, किराणा आणि भाडं देऊ लागला, तर त्याची कमाई कुटुंबाची झाली. दावाही मागे घेतला, तर अनुदानाचं कारणच उरलं नाही. तेव्हा तहसील कार्यालयात आपण होऊन सांगावं. लपवून घेतलेला पैसा पुढे वसूल होऊ शकतो, आणि तो हलालही नाही.

पोटगीचंही तेच. 21,000 ला बारांनी भागलं की महिन्याला 1,750 येतात. त्याहून कमी पोटगी मिळत असेल तरी बाई या गटात बसते. (या महागाईत 1,750 रुपयांत कोणाचं घर चालतं, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा बाजारात पिशवी घेऊन पाहावं.)

विलायतेतही हीच भीती आहे. तिथे जोडपं एकत्र राहत असेल तर सरकारी मदतीचा अर्ज दोघांनी मिळून करावा लागतो. नुसता निकाह झाला असेल, सरकारी नोंद नसेल, तरीही. तिथल्या बायकांतही 'तीन रात्रींपर्यंत चालतं' अशी समजूत आहे, पण तसा नियम नाही. पैसा एकत्र आहे का, मुलं कोण सांभाळतं, लोकांसमोर ते नवरा-बायको म्हणून वावरतात का, असं सगळं मिळून पाहतात.

आपल्यात एक गोष्ट आणखी आहे. एक तलाक दिला आणि इद्दतीच्या आत नवऱ्याने रुजू केलं, तर निकाह कायम राहतो. मग कागदावर 'तलाकशुदा' राहून अनुदान घेणं खोटं ठरतं. आणि एका दमात दिलेले तीन तलाक 2019 च्या कायद्याने रद्दच आहेत, त्यावर घटस्फोटित म्हणून अर्ज टिकणार नाही. अशा बहिणीने आधी पोटगी मागावी. तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

लाडकी बहीणमध्ये मात्र नवरा घरी असला तरी चालतं, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पण निराधारचे 1,500 घेणारीला ते मिळत नाहीत. दोन्ही अर्ज भरून बसू नये.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. तो कधी आला, कधी गेला, काय दिलं, ते वहीत तारखेनिशी लिहून ठेव. आणि तो घरी राहतो हे वकिलाला आधीच सांग, दाव्यात पुढे कोणी वेगळंच सांगायला नको. हयातीच्या दाखल्याच्या वेळी कोणी विचारलं तर खरं तेच सांगायचं.

"मग बकरी ईदला?" तिने विचारलं.

"बाहेरच्या खोलीत गादी घाल," मी म्हणाले. "लेकीच्या अब्बूंना जिन्यावरून परत कशाला पाठवतेस?"