शेजारच्या आजींची शेकोटी

२०२४ ची दिवाळी. लीड्समधली माझी पहिलीच. खोलीत मी, एक पणती आणि पार्सलमधून चुरा होऊन आलेल्या चकल्या. आईला फोनवर 'मस्त चाललंय गं' असं ठोकून दिलं आणि मग हमसून रडले. त्याच आठवड्यात दारावर टकटक. शेजारच्या आजी! सहा महिन्यांत आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं. "आज बॉनफायर नाइट. येतेस?"

५ नोव्हेंबर! १६०५ साली गाय फॉक्स आणि मंडळींचा राजासकट पार्लमेंट उडवायचा कट फसला, तेव्हापासून ही शेकोटी. फॉक्स जवळच्याच यॉर्कचा. तिथली त्याची सेंट पीटर्स शाळा त्याचा पुतळा जाळत नाही. आपला पोरगा ना शेवटी!

क्रिकेट क्लबच्या मैदानावर अख्खी गल्ली लोटली होती. आजींनी डब्यातून पार्किन काढलं. ओट्स, सुंठ आणि काकवीसारखं ट्रीकल घातलेला यॉर्कशायरचा केक. मी काढला चकल्यांचा चुरा. तोही फस्त!

"हे गेल्यापासून अंधारात एकटीला यायचा धीर होईना," आजी हळूच म्हणाल्या. "दोन वर्षं आलेच नाही."

आणि मी समजत होते, आजी माझ्यावर उपकार करतायत!

तर दोस्तांनो, यंदा शेजारचं दार तुम्हीच वाजवा. कोण कुणाला सोबत करतंय, ते नंतर कळतं.