कमीत कमीचा घोळ आणि ५०० गॅलन व्हिनेगर

बारावीतल्या भाच्याने क्लासच्या नोट्स मेलवर पाठवल्या. लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच पानावर चौकटीत तक्ता: ‘कमीत कमी’ दिसलं की ≥, ‘जास्तीत जास्त’ दिसलं की ≤. खाली टीप: खर्च कमी करायचा तर सगळ्या अटी ≥, नफा वाढवायचा तर सगळ्या ≤. इथे अमेरिकेत माझी रोजीरोटी याच गणितांवर चालते, म्हणून सांगतो मंडळी, हा तक्ता फाडून टाका.

मराठीत हे वाक्य बघा: ‘कमीत कमी खर्चात रोज कमीत कमी ७० ग्रॅम प्रथिनं.’ पहिल्या ‘कमीत कमी’ला चिन्हच नाही, ते उद्दिष्ट आहे. दुसऱ्याला ≥. शब्द तोच! विचारायचं एवढंच, की जास्त झालेलं चालेल की कमी पडलेलं?

हे ७० ग्रॅम जॉर्ज स्टिग्लरचे. १९४५ साली त्याने ७७ पदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन जवळजवळ सर्वांत स्वस्त आहार शोधला. १९३९च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलर. तिथे ≥ ऐवजी ≤ टाकलं असतं तर उत्तर आलं असतं शून्य डॉलर. म्हणजे निर्जळी एकादशी, तीही वर्षभर! आणि गंमत म्हणजे सगळ्या अटी पाळून.

आता ती टीप. सिम्प्लेक्स पद्धतीचा जनक जॉर्ज डँटझिग याने १९५०च्या दशकात स्वतःचं वजन उतरवायला गणित मांडलं. पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटावं (पाणी वगळून अन्नाचं वजन), उष्मांक १५०० च्या आत, पोषक घटक ठरल्यापेक्षा कमी नकोत. एकाच गणितात ≤ आणि ≥ दोन्ही. टीपवाल्यांनी काय केलं असतं? यंत्राने सांगितलं, ५०० गॅलन व्हिनेगर प्या. व्हिनेगर काढलं, तर उत्तर आलं सूपच्या खारट वड्या, रोज २००. का? मिठाला वरची मर्यादाच कुणी घातली नव्हती! मग त्याने वड्यांवर ≤ ३ अशी अट घातली. यंत्र चुकलं नव्हतं, दिलेल्या चिन्हांशी ते पुरेपूर इमानदार होतं. न लिहिलेलं चिन्ह कुठल्या तक्त्यात सापडणार?

परीक्षेत विचाराला वेळ नसतो म्हणे. सगळीकडे शून्य घालून बघा: ० ≥ ७०, खोटं. म्हणजे उपाशी राहायला परवानगी नाही, चिन्ह बरोबर. पाच सेकंद लागले.